स्नायू सैल पडायलाही ऊर्जा लागते

स्नायू आखडताना ऊर्जा खर्च होते आणि सैल पडताना तो नुसता विसावतो, ही समजूत निम्मीच खरी आहे. स्नायूतंतूत अ‍ॅक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांचे धागे शेजारीशेजारी रचलेले असतात. हे धागे स्वतः आखूड होत नाहीत, एकमेकांवरून सरकतात. आखूड होतो तो तंतू. १९५४ साली ‘नेचर’च्या एकाच अंकात अँड्र्यू हक्सली व रॉल्फ नीडरगेर्के आणि ह्यू हक्सली व जीन हॅन्सन या दोन जोड्यांनी हे स्वतंत्रपणे मांडलं. (दोघे हक्सली नातलग नव्हेत.) मायोसिनची डोकी अ‍ॅक्टिनला धरून ओढतात. ती पकड सुटते एटीपीचा, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या पदार्थाचा, नवा रेणू मायोसिनला येऊन चिकटतो तेव्हाच. आकुंचनाचा इशारा देणारं कॅल्शियम माघारी साठवायलाही एटीपीच लागतं. मृत्यूनंतर काही तासांत शरीर ताठतं ते यामुळेच. एटीपी संपलेलं असतं, धरलेली पकड सुटत नाही. पुढे प्रथिनंच विघटित होऊ लागली की ताठरपणा ओसरतो. स्नायूंबद्दल इतकी विलक्षण गोष्ट मला दुसरी माहीत नाही.

गड उतरून आल्यावर दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात, त्याचं खापर लॅक्टिक आम्लावर फुटतं. खरं तर त्याचं वाढलेलं प्रमाण विश्रांतीनंतर तासा-दोन तासांत खाली येतं. हृदय तर ते इंधन म्हणून वापरतं. दुखणं असतं तंतूंना झालेल्या सूक्ष्म इजेचं आणि त्यामागून येणाऱ्या दाहाचं. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच जोर लावत असतो, म्हणून चढण्यापेक्षा उतरणं जास्त भोवतं.

पट्टे असलेला स्नायू आपल्या इच्छेने चालतो, हा शाळेतला नियम हृदयाला लागू पडत नाही. आतड्यांच्या आणि रक्तवाहिन्यांच्या स्नायूंना पट्टे नसतात. हृदयाला असतात, तरी ते आपलं ऐकत नाही. ठोका मेंदूही देत नाही, फक्त त्याचा वेग कमीजास्त करतो. ठोका उमटतो उजव्या अलिंदातल्या पेशींच्या पुंजक्यात. म्हणून चेतातंतू तुटलेलं प्रत्यारोपित हृदयही नव्या छातीत धडधडतं.

बांगड्याच्या कुशीतली काळपट पट्टी पाहून कुणी म्हणतं, रक्त साकळलंय. ते रक्त नव्हे, मायोग्लोबिन आहे. ऑक्सिजन धरून ठेवणारं स्नायूतलंच प्रथिन. अखंड पोहायचं काम त्या पट्टीचं. दिवसभर पायांवर असणाऱ्या कोंबडीची तंगडी गडद आणि उडण्यासाठी क्वचितच वापरली जाणारी छाती फिकी असते. लांबचं स्थलांतर करणाऱ्या रानबदकांची मात्र छातीच गडद.