प्रार्थना करतेस, मग काळजी कशाला?

मुलगा आखातात, इथे कर्जाचे हप्ते थकलेले, आणि वर कुणीतरी म्हणतं, “एवढी प्रार्थना करतेस, मग काळजी कशाला करतेस?” काळजी तर असतेच, त्यात श्रद्धा कमी पडल्याची टोचणी लागते. ख्रिस्ती घरांत हे वाक्य प्रेमापोटीच म्हटलं जातं, पण त्याला बायबलचा आधार नाही.

असलाच तर उलट आहे. अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत येशू स्वतः व्याकूळ झाला होता. मत्तय सांगतो, की त्याने एकच प्रार्थना तीनदा केली, त्याच शब्दांत. तरीही क्रूस टळला नाही. स्तोत्रसंहितेतल्या 150 स्तोत्रांपैकी कितीतरी निव्वळ गाऱ्हाणी आहेत. 88वं तर अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची एक ओळही नाही. काळजी करू नका, हा पौलाचा फिलिप्पैकरांना केलेला उपदेश घराघरांतल्या कॅलेंडरांवर असतो. ते पत्र त्याने कैदेतून लिहिलं, हे मात्र कॅलेंडरावर नसतं. त्याच पत्रात दोन अध्याय आधी तो आपला सोबती एपफ्रदीत याच्या आजारपणाविषयी लिहितो. मरता मरता वाचलेला हा माणूस गेला असता, तर आपल्यावर दुःखाचा आणखी एक डोंगर कोसळला असता, हे तो लपवत नाही. सुटकेची हमीही तो कुणाला देत नाही. मागणं आभारासह देवापुढे ठेवावं, मग त्याची शांती मनाची राखण करते, एवढंच त्याचं म्हणणं. काळजी वाटणं हा अविश्वास नव्हे; प्रार्थनेत सांगायची गोष्टच ती आहे.

दुसरा समज अलीकडे जास्त ऐकू येतो: प्रार्थना स्वतःच्या शब्दांतच हवी, पाठ केलेली म्हणजे पोपटपंची. यासाठी मत्तयाच्या सहाव्या अध्यायाचा दाखला देतात, कारण तिथे येशू निरर्थक बडबडीला नको म्हणतो. पण त्याच्या लगेच पुढे तो शिष्यांना प्रभूची प्रार्थना शिकवतो, तीही शब्दांनिशी. क्रुसावर त्याच्या तोंडी 22वं स्तोत्र होतं, म्हणजे पाठ असलेलंच. रात्री दोनला छातीत धडधडू लागतं तेव्हा स्वतःचे शब्द सुचत नाहीत, हे ज्याने अनुभवलंय त्याला वसईतल्या घरांतली संध्याकाळची रोझरी, गोव्यात जिला तेर्स म्हणतात ती, कशासाठी आहे हे वेगळं सांगावं लागत नाही. प्रॉटेस्टंट घरांत हेच काम ‘उपासना संगीत’मधली गीतं करतात. ना. वा. टिळकांनी अभंगाच्या वळणाने ख्रिस्ती गीतं लिहिली, ती आजही लोकांना तोंडपाठ आहेत.

शरीरावरही अशा पाठ प्रार्थनेचा परिणाम होतो. लुचियानो बेर्नार्दी आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये 23 निरोगी माणसांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. लॅटिनमधली रोझरी म्हणताना त्यांचा श्वास मिनिटाला सुमारे सहापर्यंत संथ झाला आणि हृदयाच्या लयीलाही त्याचा फायदा दिसला. बौद्ध मंत्र म्हणतानाही तेच घडलं. तेव्हा ही काही ख्रिस्ती मक्तेदारी नव्हे, आणि या आकड्यांनी देव सिद्ध होत नाही.

विज्ञानाने प्रार्थनेची ताकद सिद्ध केली, असे संदेश फिरतात ते म्हणूनच जपून वाचावेत. हृदयाची बायपास झालेल्या 1,802 रुग्णांवरचा अमेरिकेतला मोठा प्रयोग 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. अनोळखी माणसांनी केलेल्या प्रार्थनेने रुग्णांची गुंतागुंत कमी झाली नाही. उलट, आपल्यासाठी नक्की प्रार्थना होतेय हे ज्यांना माहीत होतं, त्यांच्यात गुंतागुंतीचं प्रमाण थोडं जास्तच निघालं. रुग्णाच्या स्वतःच्या प्रार्थनेने त्याच्या मनाचं काय होतं, हा प्रश्न तिथे विचारलेलाच नव्हता.

गुडघे टेकले की लगेच शांत वाटलं पाहिजे, ही अपेक्षाही सोडून द्यावी. मदर तेरेसांची खासगी पत्रं 2007 मध्ये पुस्तकरूपाने आली, तेव्हा अनेकांना धक्का बसला: कित्येक दशकं त्यांना देवाचं सान्निध्य जाणवत नव्हतं. प्रार्थनेची रोजची वेळ मात्र त्यांनी चुकवली नाही. त्यासाठी तासन्‌तास बसावं लागतं असंही नाही. इग्नेशियस लोयोलाच्या परंपरेतले जेझुइट दुपारी आणि रात्री थोडा वेळ थांबून दिवस तपासतात: आभार कशाचे, चुकलं कुठे, मनाला काय खात होतं, उद्यासाठी काय मागायचं. काळजीला असं नाव दिलं आणि वेळ नेमून दिली, की ती दिवसभर मागे लागत नाही, असा माझा अंदाज आहे.

सगळ्यात घातक समज शेवटचा: प्रार्थना आहे, मग डॉक्टर कशाला? कॅथलिक बायबलमधल्या बेन सिराच्या ग्रंथात, 38व्या अध्यायात, आजारी माणसाला आधी प्रार्थना करायला आणि मग वैद्यालाही जागा द्यायला सांगितलं आहे. औषधं देवानेच जमिनीतून निर्माण केली, असंही. मिरजेत 1894 मध्ये डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी मिशन हॉस्पिटल सुरू केलं ते प्रार्थनेसोबत उपचारही हवेत, याच भावनेने. झोप उडालीय, जेवण जात नाही, काम सुचत नाही, असं आठवड्यांमागून आठवडे चाललं असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर फादरांशी किंवा पाळकांशी बोलावंच, पण डॉक्टरकडेही जावं. सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत हेल्पलाइन 14416 या क्रमांकावर चोवीस तास चालू असते आणि तिथे मराठीतही बोलता येतं.