प्रश्न 'व' आणि 'व्ह'चा

इंग्रजी येत नाही यापेक्षा ती 'अशुद्ध' बोलली जाईल, ही भीती आपल्या मुलांना अधिक छळते. मी तुर्भ्यात शिकवतो. माझ्या वर्गातील बहुतेक विद्यार्थी घरातले पहिलेच महाविद्यालयात आलेले. कुणाचे वडील घाऊक बाजारात माथाडी, कुणाची आई दगडखाणीवर राबलेली. मुलाखतीत ही मुले विषयात अडत नाहीत, उच्चारात अडखळतात आणि गप्प होतात. म्हणून एका व्यंजनाची उकल येथे करतो.

मराठीत 'व' एकच. तो म्हणताना खालचा ओठ वरच्या दातांजवळ जातो, पण हवा घासत नाही. इंग्रजीत मात्र तेथे दोन स्वतंत्र ध्वनी आहेत. 'व्हॅन' म्हणताना वरचे दात खालच्या ओठावर हलके टेकतात आणि हवा घासत बाहेर पडते. 'वॉटर' म्हणताना दातांचे काम नाही; दोन्ही ओठांचा चंबू होतो. 'वेस्ट' म्हणजे पश्चिम आणि 'व्हेस्ट' म्हणजे बनियन, हा फरक एवढ्यावरच उभा आहे.

सराव असा करावा. दात ओठावर टेकवून 'फॅन'मधला 'फ' लांबवावा. तोंड तसेच ठेवून कंठातून आवाज सोडावा. गळ्यावर बोट ठेवल्यास कंप जाणवेल, हाच 'व्ह'. दुसऱ्या ध्वनीसाठी 'ऊ' म्हणून ओठ झटकन उघडावेत: ऊ-ऑटर, वॉटर. समोर आरसा असावा.

येथे आपले लेखन फसवते. आपण 'व्हॅन' लिहितो, तसेच 'व्हील' आणि 'व्हाइट'ही लिहितो. पण या शेवटच्या दोन शब्दांत दात ओठाला लावायचे नसतात. म्हणून इंग्रजी स्पेलिंग पाहावे. 'व्ही' असेल तर दात. 'डब्ल्यू'चा उच्चार होत असेल तर चंबू.

एवढ्या साध्या गोष्टीची लाज का वाटावी? 'पाणी'ला 'पानी' म्हटले म्हणून आपली पोरे शाळेत हसण्याचा विषय झाली. 'ण' म्हणजे जिभेचे टोक वळवून टाळूला लावणे, इतकेच. पण त्यावरून माणसाची जात हुंगली गेली. खुद्द लंडनच्या कष्टकऱ्यांच्या बोलीत एके काळी 'व' आणि 'व्ह' यांची अदलाबदल होत असे. डिकन्सच्या 'पिकविक पेपर्स' (१८३६-३७) मधला नोकर सॅम वेलर स्वतःला 'व्हेलर' म्हणवतो, आणि ती बोली विनोदासाठी वापरली गेली आहे. म्हणजे इंग्रजी उच्चार इंग्रजाच्याही रक्तातून येत नाही. शुद्ध काय, हे ज्यांच्या हाती सत्ता ते ठरवतात.

१८५४ साली 'काव्यफुले'तून सावित्रीबाईंनी आपल्याला इंग्रजी शिकण्यास सांगितले. ते काम अर्धवट ठेवू नये. हे दोन्ही ध्वनी नेटाने शिकावेत, कारण नोकरीच्या दारात ते उपयोगी पडतात. मात्र त्यांना चिकटवलेली लाज घेऊ नये. आणि शिक्षक मित्रांनो, वर्गात उच्चार सुधारताना कुणालाही हसू देऊ नका. एकदा हसे झालेला मुलगा पुढे तोंड उघडत नाही, आणि तोंड न उघडता कोणताही ध्वनी शिकता येत नाही.