आधी आलं, मग दूध; बाकी तुमचं तुम्ही

चहा कसा करावा याचं आंतरराष्ट्रीय प्रमाण 1980 सालीच ठरून गेलंय. नाव ‘आयएसओ 3103’. दर 100 मिलिलिटर पाण्याला 2 ग्रॅम चहा, चिनीमातीची किटली, वरून उकळतं पाणी, झाकण आणि बरोबर 6 मिनिटांची प्रतीक्षा. आलं नाही, वेलदोडा नाही. खरं तर ही रीत चहा पिणाऱ्यांसाठी नाहीच, चाखून तुलना करणाऱ्यांसाठी आहे. सगळे नमुने एकाच पद्धतीने केले तरच कुठला सरस ते ठरणार. तरीही याच्या मुळाशी असलेल्या ‘बीएस 6008’ या सहा पानी ब्रिटिश प्रमाणाला 1999 साली इग्नोबेल पुरस्कार मिळाला. तोही साहित्याचा!

आपल्याकडे असलं प्रमाण लावायचं तर एका घरात चार किटल्या लागतील. एकाला कडक हवा, एकाला दूध कमी, एकीला साखर ‘नुसती नावाला’, आणि आजोबांना सकाळी कोरा. या हट्टांमध्ये कुठे रसायन आहे आणि कुठे नुसतीच सवय, हे बघू.

चहा फाटला? दूधवाल्याला बोलू नका

आलं घातलं आणि चहा फाटला, की पहिला संशय दुधावर जातो. बऱ्याचदा दोषी आलं असतं. ताज्या आल्यात झिंजिबेन नावाचं विकर असतं. ते प्रथिनं तोडतं, आणि 60-70 अंशांच्या आसपास त्याचा जोर सगळ्यात जास्त. दूध तापत असताना त्यात कच्चं आलं किसलं की विकराला हवं तसं रान मिळतं. दक्षिण चीनमध्ये या गुणावर एक गोड पदार्थच बेतलेला आहे: वाटीत आल्याचा रस घ्यायचा, वरून गरम गोड दूध ओतायचं आणि हात लावायचा नाही. काही मिनिटांत दूध दह्यासारखं घट्ट बसतं. आपल्याला दही नको, चहा हवाय. तेव्हा आलं आधणात घालावं, पाण्याबरोबर खळखळ उकळू द्यावं. उकळीने विकर निकामी होतं, मग दूध खुशाल घाला. किसायचं की ठेचायचं हा प्रश्न मात्र घराघराचा. किसलेलं जास्त तिखट उतरतं आणि गाळणीही तुंबवतं. मी ठेचणाऱ्यांच्या बाजूने.

गुळाच्या चहाचंही तसंच. गुळातल्या आम्लामुळे उकळतं दूध फाटू शकतं, म्हणून गॅस बंद करून मग गूळ घालावा. ‘गुळाचा चहा आम्हाला जमतच नाही’ म्हणणाऱ्यांचं घोडं बहुतेक इथेच अडतं.

गवती चहाला वास येतो तो सिट्रलचा. लिंबाच्या सालीतही हेच द्रव्य असतं. ते उडून जाणारं आहे, म्हणून पात आधणात टाकली की पातेल्यावर झाकण ठेवा. स्वयंपाकघर घमघमलं म्हणजे तेवढा वास कपातून गेला.

आणि बोअरच्या पाण्याचा चहा काळपट दिसतो, वर पातळसा तवंग धरतो, तो पावडरीचा दोष नव्हे. जड पाण्यातला चुना आणि चहातली द्रव्यं हवेशी गाठ पडताच ही साय धरतात. उलट कोऱ्या चहात लिंबू पिळलं की रंग झरकन उतरतो, कारण चहातली रंगद्रव्यं आम्लाला लगेच दाद देतात.

दाणेदार की पानांचा?

आपला दाणेदार चहा, व्यापाऱ्यांच्या भाषेत ममरी, सीटीसी पद्धतीने होतो: दातेरी रुळांमधून पान चिरडायचं, फाडायचं, वळायचं. हे यंत्र आसामात 1930च्या सुमारास आलं. फाटलेल्या पानातून रंग आणि कडकपणा भराभर सुटतो, दुधालाही पुरून उरतो. उकळून प्यायचा तर हाच घ्यावा. दार्जिलिंगचा महागडा पानांचा चहा पातेल्यात दुधासकट उकळणं म्हणजे पैसे गाळणीत टाकणं. त्यावर गरम पाणी ओतून तीन-चार मिनिटं थांबावं, दूध दूरच ठेवावं. ग्रीन टीला तर उकळतं पाणीही नको, 75-80 अंश पुरे. तो कडू लागतो म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी एकदा पाणी जरा निवू देऊन बघावं.

उंचीवर चहा मिळमिळीत होतो ही तक्रार खरी आहे. कळसूबाईच्या माथ्यावर, 1646 मीटरवर, पाणी 94-95 अंशांनाच उकळतं आणि लेहमध्ये साधारण 88ला. आधण खळखळतंय म्हणून फसू नका, तिथे पावडर सढळ हाताने घाला.

एका कपाचं प्रायश्चित्त

कपभर चहावरून पुण्यात काय रामायण झालं होतं ते ऐका. 1890 साली पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाच्या निमित्ताने पुण्यातली बडी मंडळी जमली आणि नंतर चहा-बिस्किटं आली. कुणी प्यायलं, कुणी यजमानांचा मान म्हणून कप नुसता हातात घेतला. हा बेत घडवून आणण्यात पुढाकार होता गोपाळराव जोशींचा, म्हणजे डॉ. आनंदीबाईंच्या यजमानांचा. मग हजर असलेल्यांची नावंच छापून आली. ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या घरचा चहा! सनातनी खवळले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशीला शास्त्री नेमले गेले. यादीत टिळक होते आणि न्यायमूर्ती रानडेही. एरवी दोघांचं फारसं जमायचं नाही, पण या चहापायी प्रायश्चित्त दोघांनाही घ्यावं लागलं.

इंग्लंडच्या दरबारात चहाची चाल पाडण्याचं श्रेय ज्या राणीला देतात, ती पोर्तुगालची कॅथरिन ऑफ ब्रॅगान्झा. 1662 साली तिचं दुसऱ्या चार्ल्सशी लग्न झालं आणि हुंड्यात मुंबई गेली.

त्याच इंग्लंडात ‘दूध आधी की नंतर’ यावर आजही हमरीतुमरी चालते. जॉर्ज ऑर्वेलने 1946 साली चहाचे अकरा नियम लिहिले आणि दूध नंतर, असा निकाल दिला. 2003 साली रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीने तो फिरवला: दूध आधी, नाहीतर उकळत्या चहात पडणाऱ्या दुधाची प्रथिनं बिघडतात. आपण दोन्ही एकत्र उकळतो, त्यामुळे हा खटला आपल्याला लागूच नाही.

बशीत ओतून फुरके मारणाऱ्यांनी मात्र कॉलर ताठ करावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2016 साली 65 अंशांहून गरम पेयं अन्ननलिकेच्या कर्करोगाचं संभाव्य कारण म्हणून नोंदवली. बशीतला चहा त्याखाली लवकर येतो. अठराव्या शतकातले युरोपियनही बशीतूनच पीत. गावंढळ म्हणणाऱ्यांना हे सांगा.

आता कॉफी

पाहुणे ‘आम्ही चहा घेत नाही’ म्हणाले की मराठी घरात जी होते, ती कॉफी. दुधात उकळलेली, गोड, वर जायफळ. जायफळाने झोप लागते म्हणून ते बाळगुटीत उगाळतात, कॉफी झोप उडवते, आणि आपण दोन्ही एका कपात ढवळतो. चवीला बहारदार लागते, यात वाद नको.

फिल्टर कॉफीवाल्यांची गोष्ट वेगळी. माटुंग्यात समोर दळून देणाऱ्या दुकानात उभं राहा, गिऱ्हाईक आधी टक्केवारी सांगतं: सत्तर-तीस, ऐंशी-वीस. दुसरा आकडा चिकोरीचा. ही एका झाडाची भाजलेली मुळी. कॅफीन अजिबात नाही, पण रंग आणि दाटपणा भरपूर. नेपोलियनने 1806 साली ब्रिटिश मालाची नाकेबंदी केली, तेव्हा कॉफीला मुकलेल्या युरोपात तिचं फावलं. आपल्याकडच्या नियमांप्रमाणे मिश्रणात निम्म्याहून जास्त, किमान 51 टक्के, कॉफी असावीच लागते. तुमच्या डब्यात चिकोरी आहे का ते पाहायला गार पाण्याच्या ग्लासात चिमूटभर पूड भुरभुरवा. कॉफी तरंगते, चिकोरी रंगाच्या रेघा सोडत तळाला जाते. त्याच दुकानात ‘पीबेरी’ची पाटी दिसेल. कॉफीच्या फळात सहसा दोन बिया सपाट बाजूने एकमेकींना टेकून असतात. कधी एकच वाढते, ती गोल होते आणि भाव खाते.

कॉफी गाळायच्या साधनांचे जनकही नमुनेदार. कागदी फिल्टर जर्मनीतल्या मेलिटा बेंट्झ या गृहिणीने 1908 साली काढला, मुलाच्या वहीतला टीपकागद आणि भोकं पाडलेलं पितळी भांडं घेऊन. एअरोप्रेसवाले अ‍ॅलन अ‍ॅडलर त्याआधी हवेत फेकायच्या चकत्यांसाठी प्रसिद्ध होते. इटलीतलं अष्टकोनी मोका पॉट 1933चं. ते घरोघरी पोचवणारे रेनातो बियालेत्ती 2016 साली गेले, तेव्हा त्यांच्या अस्थी तशाच मोठ्या मोका पॉटमध्ये ठेवल्या होत्या.

2020च्या लॉकडाउनमध्ये ‘डालगोना’ म्हणून जगभर गाजली ती चमच्याने फेटलेली कॉफी. आपल्या हॉस्टेलांना ती आधीपासून पाठ. ती फेटायची तर इन्स्टंटच हवी. फिल्टरची पूड कितीही घोटा, हात दुखेल, फेस यायचा नाही.

राहता राहिला चहाचा चोथा. गुलाबाला घालायचा असेल तर साखर आणि दूध निघून जाईपर्यंत नळाखाली धुऊन घ्या. नाहीतर कुंडीत गुलाबाआधी मुंग्या येतील.