लहान वस्तूंचे छायाचित्रण आणि पाहण्याचा संस्कार

मराठीत ‘क्षुद्र’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक आकाराने लहान आणि दुसरा योग्यतेने हलका. हे दोन अर्थ एकाच शब्दात नांदत असल्यामुळे जे लहान ते हलके, हा समज आपल्या मनात नकळत घर करून बसतो. इतिहासाच्या अभ्यासकालाही ही सवय सुटत नाही. किल्ले, राजवाडे आणि लढाया यांची आपण सविस्तर नोंद घेतो. ज्या हातांनी त्या किल्ल्यांचे दगड घडवले, त्यांच्याविषयी मात्र दोन ओळीही सापडत नाहीत. निसर्गाकडे पाहतानाही आपण हेच करतो. डोंगर, धबधबा आणि सूर्यास्त यांची छायाचित्रे प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये असतात. पायवाटेवरची एकदांडी, भिंतीवरचे शेवाळ आणि लिंबाचे कुरतडलेले पान यांच्याजवळ मात्र सहसा कोणी थांबत नाही.

लहान वस्तूंच्या जवळ जाऊन त्यांची छायाचित्रे घेण्याची जी कला आहे, तिचा थोडक्यात परिचय करून द्यावा आणि शिक्षणाच्या दृष्टीने तिचे मोल काय ते सांगावे, या हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहोत.

या कलेचा इतिहास पाहू लागलो, की दोन नावे प्रामुख्याने समोर येतात. योगायोग असा, की या दोघांचाही जन्म 1865 सालचा. पहिले अमेरिकेतील शेतकरी विल्सन बेंटली. व्हरमाँट राज्यातील जेरिको या गावी त्यांची शेती होती. त्यांची आई पूर्वी शिक्षिका होती आणि मुलाचे बरेचसे शिक्षण तिनेच घरी केले. तिच्याजवळच्या जुन्या सूक्ष्मदर्शकातून या मुलाने हिमकण पाहिला आणि तो त्या रूपाने भारावून गेला. त्याने हिमकणांची चित्रे काढण्याचा प्रयत्न केला, पण चित्र पुरे होण्याआधीच कण वितळून जाई. मग सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडण्याची कल्पना पुढे आली. वडिलांना हा सारा उद्योग निरर्थक वाटत असे. तरीही 15 जानेवारी 1885 रोजी, वयाची वीस वर्षे पुरी होण्याआधीच, बेंटली यांनी हिमस्फटिकाचे पहिले यशस्वी छायाचित्र घेतले.

त्यांची पद्धत साधी, पण कमालीच्या संयमाची होती. थंडगार खोलीत काम करायचे. बाहेर पडणारा हिम काळ्या फळीवर झेलायचा. हवा तसा कण बारीक काडीने उचलून काचेवर ठेवायचा. उच्छ्वासाच्या उबेने तो वितळू नये म्हणून श्वास रोखून धरायचा. शेतीची कामे सांभाळून त्यांनी आयुष्यभरात पाच हजारांहून अधिक छायाचित्रे घेतली. कोणतेही दोन हिमकण सारखे नसतात, हे वाक्य आज जगभर बोलले जाते, त्याच्या प्रसाराचे मोठे श्रेय त्यांच्याकडे जाते. हवामानशास्त्रज्ञ हम्फ्रीज यांच्यासह तयार केलेला त्यांचा ग्रंथ 1931 साली प्रसिद्ध झाला. त्यात दोन हजारांहून अधिक हिमस्फटिकांची चित्रे आहेत. त्याच वर्षी 23 डिसेंबर रोजी त्यांचे निधन झाले. कोणत्याही विद्यापीठाची पदवी नसलेल्या या शेतकऱ्याचे काम हिमाच्या अभ्यासकांना आजही पाहावे लागते.

दुसरे नाव जर्मनीचे कार्ल ब्लॉसफेल्ट यांचे. तरुणपणी ते लोखंडाच्या ओतशाळेत उमेदवारी करत होते. पुढे बर्लिनच्या कलाशाळेत ते शिक्षक झाले. विद्यार्थ्यांना नक्षीकामाचे आकार शिकवता यावेत म्हणून त्यांनी वनस्पतींची छायाचित्रे घ्यायला सुरुवात केली, आणि त्यासाठी स्वतःच कॅमेरा तयार केला. त्यांच्या वनस्पती बागेतल्या मौल्यवान जातींच्या नव्हत्या. रस्त्याच्या कडेला आणि रेल्वेच्या बांधावर उगवणारे तण ते आणत आणि अनेक पटींनी मोठे करून दाखवत. नेच्याची गुंडाळलेली कोवळी पालवी त्यांच्या छायाचित्रात कोरीव दंडाच्या मुठीसारखी दिसते, तर भोपळ्याचा ताणा लोहाराने वळवलेल्या सळईसारखा. तीसएक वर्षे हे काम वर्गाच्या चार भिंतींतच राहिले. 1928 साली त्यांचे पुस्तक निघाले. ‘कलेची आद्यरूपे’ असा त्याच्या जर्मन नावाचा अर्थ होतो. साठी ओलांडलेला हा शिक्षक त्या पुस्तकाने एकाएकी प्रसिद्ध झाला. शिकवण्याची साधने तयार करता करता एक शिक्षक कलेच्या इतिहासात जाऊन बसला, याचे आम्हा शिक्षकांना विशेष अप्रूप वाटते.

परंतु इतिहासाचा विद्यार्थी गौरव करून थांबत नाही, तो चिकित्साही करतो. बेंटली यांच्या छायाचित्रांतील स्फटिक बहुतेक सहाही बाजूंनी सारखे आणि निर्दोष दिसतात. आकाशातून पडणारे बहुसंख्य हिमकण मात्र तसे नसतात. कुणाची एक भुजा आखूड असते, कुणाची तुटलेली असते, तर कित्येक एकमेकांत अडकलेले असतात. बर्लिनचे हवामानशास्त्रज्ञ गुस्टाव्ह हेलमान यांनी 1893 साली हिमस्फटिकांवर पुस्तक काढले. त्यासाठी नॉयहाउस यांनी घेतलेल्या छायाचित्रांत हे वेडेवाकडेपण स्पष्ट दिसले. बेंटली सुरेख तेवढे निवडत, आणि पार्श्वभूमी काळी दिसावी म्हणून निगेटिव्हवरील स्फटिकाच्या कडेचा थर खरवडून काढत. या हस्तक्षेपावर त्यांच्या हयातीतच टीका झाली. ब्लॉसफेल्टही जास्तीची पाने आणि फाटे छाटून वनस्पती कॅमेऱ्यासमोर मांडत.

यामुळे या दोघांचे मोठेपण उणावत नाही. मात्र एक प्रश्न उभा राहतो. सौंदर्य शोधायला निघालेल्या माणसाने मोडके आणि असमान बाजूला टाकले, तर त्याला निसर्ग दिसला की स्वतःच्या आवडीचा आकारच दिसला? ज्या शाळेत समाजाने मागे ठेवलेल्या घरांतली मुले शिकतात, तेथे हा प्रश्न केवळ छायाचित्रणापुरता राहत नाही. निवडीच्या चाळणीतून गळलेल्यांचे काय होते, हे आपल्या समाजाने फार जवळून पाहिले आहे.

म्हणून लिंबाच्या एका खराब पानाचे उदाहरण घेऊ. लिंबाच्या कोवळ्या पानावर अनेकदा चंदेरी, नागमोडी रेषा दिसते. शेतकरी या किडीला नागअळी म्हणतात. एक चिमुकला पतंग पानावर अंडे घालतो. त्यातून निघालेली अळी पानाच्या पातळ आवरणाखाली शिरते आणि आतल्या आत खात पुढे सरकते. भिंग लावून पाहिले, की रेषेचा आरंभ सुतासारखा बारीक दिसतो आणि पुढे ती रुंद होत जाते, कारण अळी खात खात वाढत असते. रेषेच्या मध्ये काळसर धागा दिसतो, ती अळीची विष्ठा. पानाच्या कडेपाशी रेषा संपते. तेथे कड दुमडलेली असते आणि त्या घडीत अळीने आपला कोष केलेला असतो. एका जीवाचा जन्म, त्याची भूक आणि वाढ हे सारे त्या पानावर क्रमाने लिहिलेले आहे. निरोगी पानावर हा इतिहास सापडणार नाही. बागाईतदाराला त्या पानाने नुकसान होते हे खरेच. पण ते वाचता आले, तर कीड केव्हा आली आणि कोठवर पोहोचली हेही त्याला कळते.

एकदांडीचेही तसेच. काही भागांत तिला दगडी पाला म्हणतात. खरचटले की तिचा पाला चुरगाळून लावण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. लांब देठावरचे ते एवढेसे फूल आपण एक फूल समजतो, पण जवळून पाहिले तर तो अनेक फुलांचा समूह असतो. कडेला तीन दातांच्या पाकळ्यांसारखी दिसणारी चार-सहा फुले आणि मध्ये पिवळ्या नळीसारख्या फुलांची गर्दी. पहिल्या पावसानंतर दिसणारा लाल मखमली मृगाचा किडा घ्या. छायाचित्र मोठे करून पाय मोजले, की ते आठ भरतात. म्हणजे तो कीटक नसून कोळ्याच्या कुळातला आहे. गोड्या मसाल्यात पडणारे दगडफूल हे फूल नव्हेच. बुरशी आणि शैवाल यांनी एकत्र थाटलेला तो संसार आहे. ‘अळवावरचे पाणी’ हा वाक्प्रचार आपण क्षणभंगुरतेसाठी वापरतो. पण त्या थेंबाच्या तळाशी जी रुपेरी झाक दिसते, ती पान आणि पाणी यांच्यामध्ये अडकलेल्या हवेची असते. पानावरचे मेणचट सूक्ष्म उंचवटे पाण्याला टेकू देत नाहीत. कमळाच्या पानावरही हेच घडते. विल्हेल्म बार्थलॉट या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याचा उलगडा केला आणि त्यावरून पुढे आपोआप स्वच्छ राहणारे रंग तयार झाले.

आता तंत्राविषयी थोडेसे. एक सेंटिमीटरची वस्तू कॅमेऱ्यातील संवेदक पटलावरही एक सेंटिमीटरच उमटली, तर त्याला एकास एक प्रमाण म्हणतात. खास मॅक्रो भिंगे बहुधा हे प्रमाण गाठतात. ती महाग असतात, परंतु आरंभासाठी त्यांची गरज नाही. साध्या मोबाईलच्या भिंगासमोर प्रयोगशाळेतील हातभिंग धरले तरी पुष्कळ दिसू लागते. अडचण असते ती स्पष्टतेच्या खोलीची. वस्तूच्या जितके जवळ जावे, तितका स्पष्ट दिसणारा पट्टा अरुंद होत जातो आणि शेवटी तो मिलिमीटरभरच उरतो. मुंगीचा डोळा स्पष्ट आला, तर तिचे पाय धूसर होतात. म्हणून काय स्पष्ट हवे ते आधी ठरवावे. मोबाईल दोन्ही हातांनी धरावा, कोपर जमिनीला किंवा गुडघ्याला टेकवावे, आणि फोन अगदी सावकाश पुढेमागे सरकवत राहावे. सकाळचा कोवळा किंवा ढगाळ प्रकाश उत्तम. फ्लॅश बंद ठेवावा. सावलीच्या बाजूला वहीचे कोरे पान धरले, तर प्रकाश परतून तपशील उजळतो. वारा असेल तर पुठ्ठ्याचा आडोसा करावा.

एक पथ्यही पाळायला हवे. हलू नयेत म्हणून काही जण कीटकांना शीतकपाटात ठेवतात किंवा चिकटवतात. जीवाला इजा करून मिळवलेले छायाचित्र आम्ही स्वीकारत नाही. फूलही तोडू नये. आपण त्याच्यापर्यंत वाकावे.

आमच्या वसतिगृहात विद्यार्थ्यांजवळ मोबाईल नसतो आणि तो नियम योग्यच आहे. म्हणून आम्ही रविवारी सकाळी शिक्षकाचा एकच फोन आणि एकच हातभिंग आळीपाळीने मुलांच्या हाती देतो. प्रत्येकाला तीनच छायाचित्रे घेण्याची मुभा असते. तीनच मिळणार हे ठाऊक असल्यामुळे मुले आधी बराच वेळ नुसते पाहतात, आणि आमच्या मते खरे शिक्षण त्या वेळातच होते. प्रत्येक छायाचित्राखाली तारीख, वेळ, ठिकाण आणि शेजारी ठेवलेल्या काडेपेटीतील काडीवरून मोजलेला आकार लिहावा लागतो. ज्या साधनाचा काळ आणि स्थळ ठाऊक नाही, त्याच्यावर इतिहासकार विसंबत नाही. ही शिस्त मुलांना येथेच लागते. चौथी अट अशी, की तिघांपैकी एक तरी वस्तू तुटलेली, कुरतडलेली किंवा सुकलेली असावी आणि तिचे तसे का झाले असावे, याविषयी दोन वाक्ये लिहावीत.

या अटीमुळे मुले प्रश्न विचारू लागतात. पानाला भोक कोणी पाडले? ते कडेपासून सुरू झाले की मधून? खाणारा दिवसा आला की रात्री? उत्तर पुस्तकात मिळेलच असे नाही, म्हणून ती पुन्हा त्याच झाडाकडे जातात. ऐकीव सांगण्यापेक्षा स्वतः पाहून पडताळून घ्यावे, हा विवेक अंगी बाणवण्याचा याहून स्वस्त मार्ग आम्हाला ठाऊक नाही.

पालकांना आमची विनंती आहे, की सुटीत मूल घरी आले आणि अंगणात ओणवे होऊन काहीतरी निरखत बसले, तर त्याला रिकामटेकडे म्हणू नये. बेंटली यांच्या वडिलांनाही मुलाचे करणे व्यर्थच वाटले होते. आणि माजी विद्यार्थी मित्रहो, आपण आज निरनिराळ्या गावी आणि शहरांत नोकरी-व्यवसाय करीत आहात. आपल्या खिडकीतली कुंडी, कारखान्याची भिंत, बसथांब्याजवळचे गवत यांत जे काही लहान दिसेल, त्याचे एक छायाचित्र तारीख आणि ठिकाण लिहून शाळेकडे पाठवावे. मोडके, डागाळलेले असले तरी चालेल. शाळेच्या ओसरीवरील फलकावर आम्ही ती लावू, आणि एखादे वापरात नसलेले हातभिंग सोबत पाठवलेत, तर रविवारची रांग थोडी कमी होईल.