नफा कळतो, जोखीमही कळावी
शालेय वयात गुंतवणुकीचे शिक्षण

व्यापारी घरातील मुलाला पैशाची ओळख पुस्तकातून करून द्यावी लागत नाही. गल्ला मोजणे, रोजमेळ लिहिणे, उधारीची आठवण करून देणे, हंगामाआधी माल भरणे या गोष्टी ते बोलायला शिकते तेव्हापासून ऐकत असते. आठवी-नववीत पोहोचेपर्यंत खरेदीभाव, विक्रीभाव आणि मधला नफा त्याला तोंडपाठ असतो. परंतु व्यापार आणि गुंतवणूक या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे मात्र फारच थोड्या घरांत मुलांना समजावून सांगितले जाते. व्यापारात पैशाबरोबर माणूस स्वतः उभा असतो. ग्राहक पारखतो, मालाची प्रत पाहतो, भाव पडू लागला तर साठा मोकळा करतो. गुंतवणुकीत पैसा दुसऱ्याच्या हाती जातो आणि मालक घरी असतो. पेढीवर उपयोगी पडणारी चपळाई येथे अनेकदा घातक ठरते, आणि पेढीवर कंटाळवाणी वाटणारी सबुरी येथे कामास येते.

हा भेद न कळलेला मुलगा अठराव्या वर्षी मोबाइलवर खाते उघडतो, आणि वडिलांनी पंचवीस वर्षांत जमवलेल्या भांडवलाची परीक्षा काही महिन्यांत होते. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत समभागांच्या फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये व्यवहार करणाऱ्या वैयक्तिक व्यक्तींपैकी ९३ टक्के लोकांना तोटा झाला, आणि या तोट्याची एकूण रक्कम १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होती. दहा दुकानांपैकी नऊ दुकाने तोट्यात चालणाऱ्या बाजारपेठेत कोणताही जाणता व्यापारी गाळा घेणार नाही. तोच विचार येथे का होत नाही, याचे उत्तर शालेय वयातील शिक्षणात दडलेले आहे.

तीन प्रश्नांची वही

या शिक्षणाला मोठे भांडवल लागत नाही. एक वही पुरेशी आहे. घरात ज्या ज्या ठिकाणी पैसा ठेवला आहे, त्यातील प्रत्येकासाठी एक पान राखावे आणि मुलाने त्यावर तीन प्रश्नांची उत्तरे स्वतःच्या हाताने लिहावीत. पैसा कोणाकडे गेला आणि तो त्याचे काय करणार? गरज पडली तर तो किती दिवसांत परत हाती येईल? आणि तो बुडाला, तर कोणत्या वाटेने बुडेल? व्याज किती, हा प्रश्न मुद्दाम चौथा ठेवावा. पहिल्या तिन्हींची उत्तरे मिळाल्यावाचून चौथ्याला अर्थ नसतो.

पहिले पान बँकेतील मुदत ठेवीचे. बँक हा पैसा कर्जाऊ देते आणि त्या व्याजातून ठेवीदाराला व्याज मिळते. ही जागा सुरक्षित खरी, परंतु तिलाही मर्यादा आहे. ठेव विमा ४ फेब्रुवारी २०२० पासून एका ठेवीदारास एका बँकेत मुद्दल व व्याज मिळून ५ लाख रुपयांपर्यंत आहे. त्यापूर्वी ही मर्यादा १ लाख होती. २०१९ मध्ये मुंबईतील एका मोठ्या सहकारी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा सुरुवातीला खातेदारांना केवळ १,००० रुपये काढण्याची मुभा होती. घराचा सारा पैसा एकाच बँकेत ठेवणाऱ्या कुटुंबांवर तेव्हा काय प्रसंग ओढवला असेल, हे मुलाला सहज समजते.

याच पानावर दुसरा, न दिसणारा तोटाही लिहावा. ७२ या आकड्याला व्याजदराने भागले की पैसा दुप्पट होण्यास लागणारी वर्षे साधारणपणे मिळतात: ६ टक्क्यांना १२ वर्षे, ८ टक्क्यांना ९ वर्षे. हाच हिशेब महागाईलाही लागू पडतो. महागाई ६ टक्के राहिली, तर तिजोरीतील नोट १२ वर्षांत अर्ध्या किमतीची उरते. पैसा कुठेच न गुंतवणे हाही एक निर्णय आहे आणि त्यालाही जोखीम आहे, हे येथे कळते.

दुसरे पान सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचे. येथे पैसा सरकारकडे जातो. मुदत १५ वर्षांची, वर्षाला किमान ५०० आणि कमाल १.५ लाख रुपये. बुडण्याची भीती जवळजवळ नाही. परंतु दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र लांबचे आहे. दिवाळीच्या मालासाठी लागणारा पैसा येथे ठेवता येत नाही. सुरक्षितता आणि हाताशी असणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हा या पानाचा धडा.

तिसरे पान सोन्याचे. सोने कधी पडत नाही, असा समज अनेक घरांत असतो. २०१२ मध्ये दहा ग्रॅम सोन्याचा भाव ३१,००० रुपयांच्या आसपास होता. २०१५ मध्ये तो २६,००० च्या आसपास उतरला. पुढे तो कितीतरी वाढला, हेही खरे. पण मधल्या काळात ज्याला विकावे लागले, त्याच्या पदरी तोटाच आला. शिवाय दागिन्यावर घडणावळ जाते आणि ती विकताना परत येत नाही. दागिना हा संसाराचा भाग आहे. त्याला गुंतवणूक म्हणायचे असेल, तर घडणावळ वजा करूनच हिशेब मांडावा.

चौथे पान जमिनीचे. सातबारा उताऱ्यावर कोणाकोणाची नावे आहेत, बोजा आहे काय, रस्ता आहे काय, हे पाहण्यास मुलाला सोबत न्यावे. जमिनीचा भाव रोज छापून येत नाही, म्हणून ती स्थिर वाटते. खरा भाव ग्राहक समोर उभा राहिल्यावरच कळतो, आणि ग्राहक मिळण्यास कधी वर्षही लागते.

पाचवे पान भिशीचे आणि ओळखीच्या पेढीवर ठेवलेल्या पैशाचे. व्याज बँकेहून अधिक, कागद बहुधा एखादी चिठ्ठी, आणि आधार केवळ शब्दाचा. शब्द पाळणारे लोक पुष्कळ आहेत. परंतु शब्द पाळण्याची इच्छा आणि पैसे परत करण्याची ऐपत या दोन गोष्टी संकटात वेगळ्या होतात. अधिक व्याज म्हणजे कोणीतरी अधिक जोखीम उचलत आहे, आणि तो उचलणारा बहुधा पैसे ठेवणारा स्वतःच असतो.

समभाग म्हणजे लॉटरी नव्हे

सहावे पान समभागांचे. येथे मुलाला प्रथम एवढेच सांगावे की समभाग म्हणजे धंद्यातील भागी. ज्या कंपनीचा साबण घरात येतो किंवा ज्या बँकेत खाते आहे, त्या कंपनीचा वार्षिक अहवाल घेऊन विक्री किती, कर्ज किती, उधारी किती, हे शोधायला लावावे. पेढीची खतावणी पाहिलेल्या मुलाला हे आकडे परके वाटत नाहीत.

त्यानंतर चढउताराचा पाठ. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्सने २१,००० ची पातळी ओलांडली होती. त्याच वर्षी ऑक्टोबरात तो ९,००० च्या खाली बंद झाला. २०१० च्या दिवाळीच्या सुमारास तो पुन्हा २१,००० च्या जवळ आला. २३ मार्च २०२० रोजी एकाच दिवसात तो ३,९३४ अंकांनी, म्हणजे सुमारे १३ टक्क्यांनी कोसळला. या आकड्यांचा आलेख मुलाने स्वतः काढावा आणि त्यावर एक खूण करावी: पुढच्या वर्षीच्या शिक्षणशुल्कासाठी ठेवलेला पैसा ऑक्टोबर २००८ मध्ये काढावा लागला असता तर? लवकर लागणारा पैसा समभागांत का ठेवू नये, याचे उत्तर तो आलेखच देतो. अंकगणितही पक्के करून घ्यावे. १०० चे ५० झाले तर तोटा ५० टक्के. पण ५० चे पुन्हा १०० होण्यास नफा १०० टक्के लागतो.

म्युच्युअल फंडात अनेकांचा पैसा एकत्र करून तो अनेक कंपन्यांत किंवा रोख्यांत वाटला जातो. एका कंपनीच्या बुडण्याचा धक्का त्यामुळे कमी होतो. सारा बाजार पडला तर मात्र फंडही पडतो. व्यापारी कुटुंबाने येथे एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. कापडाची पेढी असलेल्या घराने शिल्लक कापड गिरणीच्या समभागांत गुंतवली आणि उरलेली रक्कम कापडाच्याच दुसऱ्या व्यापाऱ्याला व्याजाने दिली, तर वहीत तीन पाने भरतात, पण टोपली एकच असते. धंदा मंदावला की तिन्ही पाने एकदम कोरडी पडतात.

१८६५ ची मुंबई

जोखमीचा सर्वांत मोठा पाठ मुंबईच्या इतिहासातच आहे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले, तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचे मोल आले. शहरात पैशाचा पूर लोटला. नव्या बँका, समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्या निघाल्या आणि त्यांचे समभाग अनेक पटींनी वर गेले. या तेजीच्या केंद्रस्थानी प्रेमचंद रायचंद हे विलक्षण बुद्धीचे जैन व्यापारी होते. १८६५ मध्ये युद्ध संपले, कापूस उतरला आणि उधारीवर उभा असलेला बाजार कोसळला. बँक ऑफ बॉम्बेचा २,८५० रुपयांपर्यंत गेलेला समभाग ८७ रुपयांवर आला. प्रेमचंदांचीही अफाट संपत्ती त्यात गेली.

या कथेतून मुलांनी दोन गोष्टी वेगळ्या काढाव्यात. भाव पडणे हे बाजाराचे नित्यकर्म आहे. घरे उद्ध्वस्त झाली ती कर्ज काढून आणि पुढील तारखेच्या वायद्यांवर केलेल्या सौद्यांमुळे. स्वतःच्या पैशाने घेतलेला समभाग निम्मा झाला तरी वाट पाहता येते. उसन्या पैशाने घेतलेला समभाग वाट पाहू देत नाही. आजचे फ्युचर्स-ऑप्शन्सही थोड्या रकमेवर मोठा सौदा पेलण्याचेच साधन आहे. दुसरी गोष्ट अशी की प्रेमचंदांनी १८६४ मध्ये, तेजीच्या भरात, मुंबई विद्यापीठास देणगी दिली होती. मातोश्रींच्या नावाचा राजाबाई मनोरा त्यातून उभा राहिला आणि १८७८ मध्ये पूर्ण झाला. बाजाराबाहेर काढून ठेवलेला तेवढा पैसा मंदीच्या हाती लागला नाही.

कोणत्या वयात काय

आठवी-नववीत ठेव, व्याज आणि महागाई एवढेच पुरे. दहा वर्षांवरील मुलांना बँकेने ठरवलेल्या मर्यादेत बचत खाते स्वतः चालवण्याची मुभा रिझर्व्ह बँकेच्या नियमांत आहे. तिचा उपयोग करावा. दहावीनंतर समभाग व फंड यांचा अभ्यास कागदावर करावा: काल्पनिक १०,००० रुपये वहीत वाटून द्यावेत आणि दर महिन्याला भाव लिहावा. अकरावी-बारावीत पालकांच्या देखरेखीखाली लहानशा रकमेने खरी गुंतवणूक सुरू करता येते. अज्ञान मुलाच्या नावावरील व्याज बहुधा आई-वडिलांपैकी ज्याचे उत्पन्न अधिक त्याच्या उत्पन्नात धरले जाते, हा कराचा नियमही त्याच वेळी सांगावा. वडिलांच्या खात्यावरून मुलाने सौदे करणे मात्र कोणत्याही सबबीखाली होऊ देऊ नये.

ही वही मुलींच्याही हाती असावी. अनेक घरांत मुलाला पेढीवर बसवले जाते आणि मुलीला केवळ दागिन्यांची यादी सांगितली जाते. पुढे संसारावर अचानक संकट आले, की कोणत्या बँकेत काय आहे, हे शोधण्यापासून तिला आरंभ करावा लागतो.

दरवर्षी पाडव्याला नव्या वहीचे पूजन होते, तेव्हा ही वहीही उघडावी. प्रत्येक पानावरील वर्षाचा नफा-तोटा मुलाने किंवा मुलीने वाचून दाखवावा आणि मोठ्यांनी तो ऐकून घ्यावा. ज्या पानावर तोटा आहे, त्यावर रागावू नये. तो कोणत्या वाटेने झाला, हे तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात आधीच लिहिलेले होते की नाही, एवढेच पाहावे. लिहिलेले असेल, तर तो शिक्षणाचा खर्च समजावा. नसेल, तर पुढच्या वर्षीचा धडा तेथूनच सुरू करावा.