कॉलर, पण शर्टाची नव्हे!

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या पाइनवूड्स कॅम्पमध्ये उन्हाळ्यात लोक चक्क नाचण्यासाठी मुक्कामाला जातात. तिथल्या कॉन्ट्रा डान्समध्ये ‘कॉलर’ पुढची स्टेप पुकारतो. गंमत आहे टायमिंगची! एक फेरी 64 बीट्सची. नव्या ओळीच्या पहिल्याच बीटला पाय पडायचा, तर सूचना आधीच्या ओळीच्या शेवटच्या बीट्समध्ये द्यायला हवी. आपल्या मायक्रोप्रोसेसरचं प्रीफेचच म्हणा ना! काही फेऱ्यांनी सगळ्यांना पाठ झालं की कॉलर गप्प होतो. मग सगळी भिस्त फिडल आणि पियानोवर. धून दोन भागांची, प्रत्येक भाग दोनदा. वादकांनी एखादा भाग गाळला, की अख्खी रांग गोंधळलीच! मला तरी खरे कॉलर वादकच वाटतात. थांबायचं कधी, हे मात्र कॉलरच बँडला बोटांनी खुणावतो, अजून तीन फेऱ्या!