चाक बदलले की ट्रॅक्टर बदलतो

छोट्या ट्रॅक्टरची चाके किंवा टायर बदलण्याची वेळ दोन कारणांनी येते: टायर झिजतात, किंवा काम बदलते. झिजलेल्या टायरच्या जागी त्याच मापाचा नवा टायर घालणे सोपे असते. काम बदलते तेव्हा मात्र विचार करावा लागतो. साधारण 15 ते 30 अश्वशक्तीचा ट्रॅक्टर नाशिककडच्या द्राक्षबागेत वेलींच्या दोन ओळींमधून फवारणीचा ब्लोअर ओढतो, पश्चिम महाराष्ट्रात उसाच्या सरीत भरणी करतो, कोकणात आणि पूर्व विदर्भात भाताच्या खाचरात चिखलणीला उतरतो. चाकाची रुंदी, दोन चाकांमधले अंतर आणि टायरची नक्षी या प्रत्येक ठिकाणी वेगळी लागते. म्हणून बरेच मालक चाकांचा दुसरा जोड बाळगतात किंवा वेगळ्या मापाचे टायर चढवून घेतात. इंजिनाची ताकद जमिनीपर्यंत पोचवणारा शेवटचा भाग चाकच असल्याने या बदलाचा परिणाम वेग, ओढ, तोल आणि गिअरपेटीचे आयुष्य या सगळ्यांवर होतो.

टायरच्या बाजूवर छापलेले आकडे आधी वाचावेत. 8.3-20 याचा अर्थ टायरची रुंदी 8.3 इंच आणि रिमचा व्यास 20 इंच. आकड्यांमध्ये नुसती रेघ असेल तर टायर आडव्या-तिरप्या धाग्यांचा, म्हणजे बायस जातीचा. 320/85 आर 24 असे लिहिलेले असेल तर रुंदी 320 मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या 85 टक्के, बांधणी रेडियल आणि रिम 24 इंची. सोबतचा 6 पीआर किंवा 8 पीआर हा आकडा टायरची भार पेलण्याची ताकद दाखवतो. आत तेवढेच थर असतात असे आता राहिलेले नाही. ए6 म्हणजे ताशी 30 किलोमीटरपर्यंत आणि ए8 म्हणजे 40 किलोमीटरपर्यंत चालवण्याजोगा टायर. प्रत्येक मापाच्या टायरला ठरावीक रुंदीचीच रिम लागते. अरुंद रिमवर रुंद टायर बसवला तर त्याचा मधला भाग फुगून वर येतो, कडेचे कंगोरे जमिनीला नीट टेकत नाहीत आणि रुंद टायरवर केलेला खर्च वाया जातो.

नक्षीलाही क्रमांक आहेत. शेतकामाचा नेहमीचा टायर आर-1. भातखाचरासाठीचा आर-2, ज्याचे कंगोरे जवळजवळ दुप्पट खोल असतात. हिरवळीवर खुणा उमटू नयेत म्हणून बारीक नक्षीचा आर-3, आणि लोडर किंवा बांधकामाच्या कामासाठी रुंद, कडक कंगोऱ्यांचा आर-4. अमेरिकेत छोट्या ट्रॅक्टरवर आर-4 सर्रास दिसतो, कारण तिथे असा ट्रॅक्टर घराभोवतीची माती आणि बर्फ उचलण्यासाठीही वापरतात. भारतात त्याच आकाराचा ट्रॅक्टर मुख्यतः नांगरट, रोटावेटर आणि आंतरमशागत करतो, त्यामुळे इथे आर-1 हीच बहुतेकांसाठी योग्य निवड ठरते. आर-2 खाचरात उत्तम पकड देतो, पण डांबरी रस्त्यावर त्याचे उंच कंगोरे झपाट्याने झिजतात. ज्याला चिखलणीसोबत वाहतूकही करायची आहे त्याने चिखलणीपुरती लोखंडी केज व्हील लावावीत, हे जास्त शहाणपणाचे.

हवेचा टायर ट्रॅक्टरला फार उशिरा मिळाला. सुरुवातीला चाके पोलादी असत आणि त्यांवर टोकदार दात बसवलेले असत. 1932 मध्ये अमेरिकेतील ॲलिस-चाल्मर्स कंपनीने फायरस्टोनचे हवेचे टायर लावलेला ट्रॅक्टर बाजारात आणला आणि पुढच्या काही वर्षांत पोलादी चाके मागे पडली. हवेच्या टायरचे मोठेपण साध्या गणितात आहे. टायर जमिनीवर जेवढा दाब देतो तो आतल्या हवेच्या दाबाच्या आसपास, किंचित जास्त असतो. 14 पीएसआय म्हणजे चौरस सेंटिमीटरला साधारण 1 किलो. चाकावर 250 किलो भार असेल तर या दाबाला टायर सुमारे 250 चौरस सेंटिमीटर जागेवर टेकतो. रुंद किंवा मोठ्या टायरचा खरा फायदा हा की तोच भार तो कमी हवेत पेलू शकतो. रुंद टायर घेऊन त्यात जुन्याइतकीच हवा ठोसली तर माती दबायची तेवढीच दबते. काळ्या, चिकण जमिनीत ओल असताना हे विशेष जपावे लागते. वरच्या थराचे दबणे हवेच्या दाबावर ठरते, तर खोल थराचे दबणे मुख्यतः धुऱ्यावरच्या एकूण वजनावर.

आता या विषयातला सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत महागात पडणारा भाग. मागचा टायर मोठा झाला की चाकाच्या एका फेऱ्यात ट्रॅक्टर जास्त अंतर जातो. घेर 6 टक्के वाढला तर त्याच गिअरमध्ये वेग 6 टक्के वाढतो आणि ओढ जवळपास तितकीच घटते. रोटावेटरच्या पात्यांचा वेग पीटीओवर, म्हणजे इंजिनाची ताकद अवजाराला देणाऱ्या फिरत्या दांड्यावर ठरतो, चाकावर नाही. त्यामुळे ट्रॅक्टर वेगाने पुढे सरकला की प्रत्येक पाते मातीचा मोठा घास घेते आणि ढेकळे जाड राहतात. फक्त मागच्या दोन चाकांना ताकद जाणाऱ्या ट्रॅक्टरमध्ये परिणाम एवढाच. चारही चाकांना ताकद जाणाऱ्या ट्रॅक्टरमध्ये मात्र पुढचा आणि मागचा धुरा दातेरी चाकांनी एकमेकांशी पक्का जोडलेला असतो. पुढची चाके लहान असल्याने ती जास्त फेरे घेतात, आणि हे प्रमाण कारखान्यात टायरच्या घेराप्रमाणे ठरवलेले असते. ते असे ठरवतात की पुढची चाके मागच्यांपेक्षा थोडी पुढे धावू पाहतील, साधारण 1 ते 5 टक्के. या आघाडीमुळे पुढची चाके ट्रॅक्टरला ओढतात आणि वळणही नीट बसते.

एक उदाहरण घेऊ. मागचे चाक एक फेरा घेते तेव्हा पुढचे 1.6 फेरे घेते, मागच्या टायरचा घेर 3.05 मीटर आणि पुढच्याचा 1.96 मीटर आहे असे धरू. पुढचे चाक 3.136 मीटर जाऊ पाहते, मागचे 3.05. आघाडी 2.8 टक्के, म्हणजे सगळे ठीक. मालकाने उंची वाढावी म्हणून फक्त मागे 3.25 मीटर घेराचे टायर घातले, तर हिशोब उलटतो: पुढची चाके साडेतीन टक्के मागे पडतात आणि ओढण्याऐवजी ब्रेकसारखी अडवू लागतात. उलट, बागेत फांद्या लागू नयेत म्हणून फक्त मागे 2.85 मीटरचे छोटे टायर घातले तर आघाडी 10 टक्क्यांवर जाते. मऊ शेतात हा फरक टायर घसरून भरून काढतात. रस्त्यावर ते घसरू शकत नाहीत, आणि सगळा ताण पुढच्या धुऱ्याच्या दातेरी चाकांवर आणि शाफ्टवर साठत जातो. पुढचे टायर विचित्र झिजणे, चारचाकी जोड सोडवताना तरफ अडकणे ही त्याची लक्षणे. यातून निघणारा नियम कडक आहे: चारचाकी ट्रॅक्टरचे टायर पुढे-मागे मिळूनच ठरवावेत. छापलेल्या मापावर विसंबू नये, कारण एकाच मापाचे दोन कंपन्यांचे टायर घेराने वेगळे असू शकतात. ट्रॅक्टर नेहमीच्या वजनासह आणि योग्य हवेसह सपाट जागी उभा करावा, टायरवर व जमिनीवर खडूची खूण करावी, चारचाकी जोड सोडवून सरळ पुढे नेत पाच फेरे मोजावेत आणि गेलेल्या अंतराला पाचाने भागावे. दोन्ही धुऱ्यांचा घेर असा मोजला आणि पुढच्या-मागच्या फेऱ्यांचे प्रमाण विक्रेत्याकडून किंवा पुस्तिकेतून घेतले की वरचा हिशोब कोणालाही करता येतो.

टायर तेच ठेवून फक्त दोन चाकांमधले अंतर बदलायचे असेल तर रिम आणि मधली डिस्क यांची जोडणी उलटसुलट करतात. डिस्क उलटी करून, रिम बाहेरच्या किंवा आतल्या बाजूने बसवून आणि चाके डावी-उजवी बदलून मागे अनेक अंतरे मिळवता येतात. यात टायरची दिशा चुकण्याचा धोका मोठा. ट्रॅक्टरच्या मागे उभे राहून पाहिले तर कंगोऱ्यांचे टोक वरच्या बाजूला दिसले पाहिजे; म्हणजे जमिनीला आधी टोक टेकते आणि चिखल दोन्ही बाजूंनी बाहेर पडतो. दिशा उलटली की टायर चिखल आत कोंबत राहतो आणि पकड जाते. अंतर कमी केल्यास तोलही कमी होतो. गुरुत्वमध्य जमिनीपासून 60 सेंटिमीटरवर आणि चाकांमधले अंतर 100 सेंटिमीटर असेल तर स्थिर ट्रॅक्टर जवळपास 40 अंशांच्या आडव्या उतारावर कलंडण्याच्या बेतात येतो. अंतर 76 केले तर हाच कोन 32 अंश होतो. प्रत्यक्षात खड्डा, वळणाचा वेग आणि मध्यावर डोलणारा पुढचा धुरा यांमुळे मर्यादा याहून बरीच अलीकडे येते. बांधाजवळ काम करणाऱ्यांनी सरीसाठी अरुंद केलेली चाके काम संपताच पूर्ववत रुंद करावीत.

पकड वाढवण्यासाठी मागच्या टायरमध्ये पाणी भरण्याची पद्धत आहे. व्हॉल्व्ह सगळ्यात वर आणून त्या पातळीपर्यंत, म्हणजे पाऊण टायर पाणी भरतात. वरची हवा टायरला लवचीक ठेवते. 8.3-24 मापाच्या टायरमध्ये असे साठ-सत्तर लिटर, म्हणजे तेवढेच किलो वजन मावते. थंड देशांत पाणी गोठू नये म्हणून त्यात कॅल्शियम क्लोराइड मिसळतात, ज्याने रिम गंजते. महाराष्ट्रात त्याची गरज नाही. वजन पुरेसे आहे की नाही हे घसरणीवरून कळते. अवजार न लावता चाकाच्या 10 फेऱ्यांत ट्रॅक्टर 30 मीटर गेला आणि नांगर ओढताना 26.4 मीटरच गेला, तर घसरण 12 टक्के. 8 ते 15 टक्के ही चांगली पट्टी. त्याहून जास्त असेल तर डिझेल आणि रबर वाया जाते, फारच कमी असेल तर ट्रॅक्टर विनाकारण जड झालेला असतो.

प्रत्यक्ष चाक काढताना घाई जीवावर बेतते. जागा सपाट आणि कठीण हवी. अवजार उतरवावे, इंजिन बंद करावे, जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावेत. हातब्रेक मागच्या चाकांवर लागत असल्याने तीच चाके उचलताना त्याचा भरवसा धरू नये. पुढचा धुरा मध्यावर डोलतो, त्यामुळे मागची एक बाजू उचलली की धड कलंडू शकते. धुरा आणि चौकट यांच्यामध्ये दोन्हीकडे लाकडी पाचरी ठोकणे आवश्यक आहे. नट जमिनीवरच थोडे सैल करावेत, मग जॅक लावावा आणि धुऱ्याखाली भक्कम घोडा ठेवावा. जॅक उचलण्यासाठी असतो, वजन धरून ठेवण्यासाठी नसतो. टायरमध्ये पाणी असेल तर ते आधी काढावे. रिमवर टायर बसवताना कड जागेवर येत नाही म्हणून 35 पीएसआयच्या वर हवा भरू नये. हवा सोडून, कड पुन्हा ओली करून नव्याने प्रयत्न करावा. टायर चढलेला असताना रिमला वेल्डिंग तर कधीच करू नये. उष्णतेने आतले रबर जळून तयार होणारा वायू पेट घेतो आणि हवा काढलेला टायरही फुटू शकतो.

शेवटी नट. चाकाचा भार बोल्ट पेलतात असे वाटते. खरे तर नट आवळल्याने हब आणि डिस्क एकमेकांवर घट्ट दाबले जातात आणि त्या दोन पृष्ठभागांमधले घर्षण भार पेलते. मध्ये गंज, चिखल किंवा रंगाचा जाड थर राहिला तर तो कामात चिरडला जातो, दाब सुटतो, डिस्क हलू लागते, छिद्रे लांबट होतात आणि बोल्ट तुटतात. म्हणून दोन्ही पृष्ठभाग तारेच्या ब्रशने स्वच्छ करावेत, नट समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत आणि शेवटची ओढ पुस्तिकेतील आकड्याप्रमाणे टॉर्क पान्याने द्यावी. नवी बसवलेली चाके पहिल्या तासाभराच्या कामानंतर आणि पुन्हा दहाएक तासांनी तपासून आवळावीत.